जुन्या भाषणांच्या पुस्तकावरचं ‘यांस सादर’: ते नेमकं कोणाला दिलं होतं, हे कसं शोधायचं

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात जुना वाडा पाडायला काढला होता. धाब्याच्या खोलीत एक लोखंडी संदूक निघाली. तिच्यात जमाखर्चाच्या वह्या, सारा भरल्याच्या पावत्या, दोन पंचांगं आणि तळाशी एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. मी निवृत्त शिक्षक, गावचं वाचनालय सांभाळतो. घरधन्याने मला बोलावलं. “सर, तुमी पुस्तकायचे मानूस. हे दादासाहेब खापर्ड्याईचं पुस्तक होय म्हनतेत. पाहून तं घ्या!”

पुस्तक गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भाषणांचं होतं. मद्रासच्या जी. ए. नटेसन आणि कंपनीने गोखल्यांचा भाषणसंग्रह १९०८ साली काढला आणि पुढे त्याच्या वाढवलेल्या आवृत्त्या आल्या, त्यांपैकी हे एक. मुखपृष्ठाचं पान गायब, पुठ्ठा सुटलेला. सुरुवातीच्या कोऱ्या पानावर तपकिरी पडलेल्या शाईत चार ओळी:

ती. दादासाहेब यांस सादर
(दुसरी ओळ ब्लेडने खरवडलेली)
अमरावती, वैशाख शु. ३, शके १८५२
आपला आज्ञाधारक, ना.

या चार ओळींचा माणूस शोधायला मला आठ महिने लागले. तेवढ्यात मी बऱ्याच चुका केल्या. तुमच्या घरी, तुमच्या वाचनालयात किंवा रद्दीवाल्याच्या काट्यावर असं काही सापडलं तर कोणत्या क्रमाने जावं, ते त्या अनुभवातून लिहितो आहे. विदर्भातल्या खेड्यांत अशी पुस्तकं अजून पुष्कळ आहेत. भाषणांची पुस्तकं तेवढ्यापुरती वाचली जातात, मग माळ्यावर जातात, मग बंबात. कथा-कादंबऱ्या हातोहात फिरतात म्हणून टिकतात. भाषणं टिकतात ती बहुधा कोणीतरी कोणाला प्रेमाने दिलेली असतात म्हणून.

ग्रंथव्यापारात अशा प्रतीला असोसिएशन कॉपी म्हणतात. लोक देणाऱ्याची सही शोधत बसतात. पुढाऱ्याने आयुष्यात शेकडो सह्या केलेल्या असतात, पण पुस्तक घेणारा माणूस एकच. ते त्याच्याच हातात का गेलं, एवढं कळलं की त्या प्रतीची गोष्ट कळते. म्हणून माझा सगळा भर घेणाऱ्यावर आहे.

पहिल्या दिवशी हात आवरा

सापडलेलं पुस्तक लगेच उन्हात टाकायचा मोह होतो. टाकू नका. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन कागदाला दोन तासांत पापडासारखं करतं. ओल्या फडक्याने पुसू नका. जुनी काळी शाई पाण्याने पसरते आणि जांभळी कॉपिंग पेन्सिल तर ओलं बोट लागलं तरी उतरते. सेलोटेप नाही, फेव्हिकॉल नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. लॅमिनेशन केलेलं पान मी एकदा पाहिलं आहे, ते आता कोणालाही सोडवता येत नाही.

पानांत काय काय अडकलं आहे ते जिथल्या तिथे राहू द्या. वाळलेलं बेलाचं पान, रेल्वेचं तिकीट, वर्तमानपत्राचं कात्रण, पावती, सगळंच पुरावा असतं. कोणत्या पानांत काय होतं, तो पृष्ठांक आधी वहीत लिहा, मग वस्तू कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा. आमच्या पुस्तकात साऱ्याची एक पावती होती. मी ती उत्साहाने उचलली आणि कोणत्या पानात होती ते विसरलो. पुढे तेच पान फार महत्त्वाचं ठरलं असतं.

मऊ, कोरडा रंगाचा ब्रश घेऊन धूळ शिवणीपासून बाहेरच्या दिशेने झटका. एवढंच करा आणि थांबा.

फोटो: सरळ उजेडात एक, आडव्या उजेडात दहा

पहिला फोटो खिडकीच्या उजेडात, पानाच्या बरोबर वरून, बाजूला पट्टी ठेवून. त्यानंतर खोली अंधारी करा. दुसऱ्या मोबाइलची बॅटरी पानाच्या कडेला जवळजवळ टेकवून लावा, म्हणजे उजेड कागदावरून आडवा सरकेल. टाकाने लिहिताना कागदावर दाब पडतो. शाई खरवडली तरी तो दाब, तो खळगा बरेचदा उरतो. उजेड एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून, एकदा खालून, असं करत फोटो घ्या. पान उलटून मागची बाजूही पाहा. मागे अक्षरं उलटी, पण उठून दिसतात.

खरवडलेल्या ओळीत मला सरळ उजेडात काहीच दिसलं नव्हतं. आडव्या उजेडात आधी ‘मौजे’ दिसलं. मग त्याच्या आधीचा ‘प’ आणि ‘ट’. तिसऱ्या रात्री पूर्ण शब्द लागला: पटवारी. गावाचं नाव अर्धंच निघालं, पण सुरुवातीचं अक्षर त्याच गावाचं होतं, जिथे संदूक सापडली. आडनाव निघालं नाही, ते कागदासकट गेलं होतं.

एक सावधगिरी. पेन्सिल घासून अक्षरं ‘वर आणायचा’ शाळकरी प्रयोग खऱ्या पानावर करू नका.

मायना वाचा, नाव नंतर

आमच्या गावाने, आणि सुरुवातीला मीही, ‘दादासाहेब’ हा शब्द वाचला आणि बाकी वाचायचं थांबलो. अमरावती, दादासाहेब, राजकीय भाषणं; म्हणजे गणेश श्रीकृष्ण खापर्डेच. अमरावतीत १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन झालं तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. टिळकांचे ते जिवलग सहकारी. १९३० साली ते हयात होते, १९३८ साली वारले. सगळं जुळत होतं.

जुळत नव्हती ती फक्त दोन अक्षरं, ‘ती.’

जुन्या मराठी लेखनात मायना ही शिस्त होती. ‘ती.’ किंवा ‘ती. रू.’ म्हणजे तीर्थरूप. हे वडील, काका, थोरला भाऊ अशा घरच्या वडीलधाऱ्यांना लिहीत. परक्या थोर माणसाला ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री, विद्वान ब्राह्मणाला ‘वे. शा. सं.’, धाकट्याला ‘चि.’, विधवेला ‘गं. भा.’. खापर्ड्यांसारख्या प्रसिद्ध वकिलाला कोणी बाहेरचा माणूस ‘ती.’ लिहिणार नाही. वऱ्हाडात दादा म्हणजे बहुतेक घरांत थोरला भाऊ, काही घरांत वडील. खाली ‘आज्ञाधारक’ आहेच. म्हणजे धाकट्या भावाने किंवा मुलाने घरच्या थोरल्याला दिलेलं पुस्तक. वाड्यातल्या माणसांनी बाहेरचा मोठा माणूस शोधला आणि स्वतःच्या घरातला दादासाहेब त्यांना दिसला नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट मला आधीच सुचायला हवी होती. सुरतेच्या १९०७ च्या अधिवेशनात जहाल-मवाळ फुटले, मंडपात जोडा उडाला. खापर्डे टिळकांच्या, म्हणजे जहाल गोटातले, गोखले मवाळांचे. त्यांना भेट म्हणून गोखल्यांची भाषणं देणारा माणूस एक तर फार भोळा असेल, नाहीतर फार खवचट.

मायन्यावरून काळ आणि गोटही कळतो. ‘रावबहादूर’, ‘रावसाहेब’, ‘खानबहादूर’ या सरकारी पदव्या असतील तर लिखाण इंग्रजी अमदानीतलं. पण ‘रावसाहेब’ हे आपल्याकडे घरात हाक मारायचं नावही आहे, तेव्हा घाईने पदवी समजू नका. वर ‘वंदे मातरम्’ असेल तर वंगभंगानंतरचं, म्हणजे १९०५ च्या पुढचं समजायला हरकत नाही. ‘साथी’ बहुधा समाजवादी. ‘आयु.’ म्हणजे आयुष्मान, सोबत ‘जय भीम’. हे दिसलं तर १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरचं बौद्ध घर डोळ्यांपुढे आणा. नावाआधी ‘कै.’ असेल तर पुस्तक त्या माणसाला दिलेलं नाही, त्याच्या स्मरणार्थ दुसऱ्या कोणाला किंवा वाचनालयाला दिलेलं आहे. ही चूक फार होते. ‘अभिप्रायार्थ’ असेल तर घेणारा संपादक किंवा समीक्षक. नुसतं ‘सादर’ असेल तर देणारा लहान, ‘सप्रेम भेट’ असेल तर बरोबरीचा.

मजकूर मोडीत असेल तर घाबरू नका. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेतं, आणि अनेक तालुक्यांच्या ठिकाणी मोडी वाचून देणारी माणसं आहेत. त्यांना मूळ पुस्तक देऊ नका, फोटो द्या. आणि एकाच मजकुराचं वाचन दोघांकडून वेगवेगळं करून घ्या. आडनावांत मोडी फसवते.

तारीख आणि पत्ता

शके असेल तर ७८ मिळवा. पौषापासून फाल्गुनापर्यंतची, जानेवारी उजाडल्यानंतरची तिथी असेल तर ७९. शके १८५२ चा वैशाख म्हणजे १९३०. वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय तृतीया, मे महिन्याचा आरंभ. संवत असेल तर ५७ वजा करा, मारवाडी घरांच्या पुस्तकांत तोच सापडतो. निजामाच्या अंमलातल्या महसुली कागदांत फसली सन असतो, त्यात ५९० मिळवले की साल साधारण हाती येतं.

तारीख नसेल तर पत्ता बोलतो, आणि विदर्भाचा पत्ता इतक्यांदा बदलला आहे की ते आपल्या पथ्यावरच पडतं. ‘जि. वणी’ लिहिलं असेल तर १९०५ च्या आधीचं, कारण त्या साली वऱ्हाडचे सहा जिल्हे मोडून अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ असे चार केले. ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असेल तर १९०३ नंतरचं. यवतमाळ किंवा वर्ध्याच्या पुढे ‘मध्यप्रदेश’ असेल तर १९५० ते १९५६. ‘मुंबई राज्य’ असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ते १ मे १९६० एवढीच साडेतीन वर्षं. पिनकोड असेल तर १९७२ नंतरचं. ‘जि. गडचिरोली’ १९८२ नंतर, ‘जि. वाशीम’ १९९८ नंतर. मात्र वाशीम हा १९०५ पूर्वीही जिल्हा होता, तेव्हा शाई आणि कागद पाहूनच ठरवा.

घेणाऱ्याच्या नावापुढचा हुद्दाही तसाच. ‘मालगुजार’ असेल तर माणूस नागपूर, वर्धा, भंडारा किंवा चांद्याकडचा. मालगुजारी वऱ्हाडात नव्हती आणि १९५१ साली ती संपली. देशमुख, देशपांडे, पाटील, पटवारी हा वऱ्हाडचा थाट. ‘हायकोर्ट, नागपूर’ लिहिलेला वकील १९३६ नंतरचा, त्याआधी तिथे ज्युडिशिअल कमिशनरचं कोर्ट होतं.

सगळ्यात साधा नियम मी सगळ्यात उशिरा शिकलो. सहीजवळचं गाव लिहिणाऱ्याचं असतं. ‘अमरावती’ हा देणाऱ्याचा ठिकाणा होता. घेणारा तिथे असता तर गाव लिहायची गरजच काय होती!

पुस्तक स्वतः काय सांगतं

मुखपृष्ठाचं पान नसलं तरी आवृत्ती काढता येते. अनुक्रमणिकेतलं सगळ्यात शेवटच्या तारखेचं भाषण पाहा. पुस्तक त्याच्या आधी छापलेलं असणं शक्य नाही. आमच्या प्रतीत प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकावरचं १९११ चं भाषण होतं, म्हणजे ही १९०८ ची पहिली छपाई नव्हती. मग वक्त्याच्या मृत्यूचं साल. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ ला वारले. तेव्हा १९३० च्या लिखाणात ‘गोखल्यांनी स्वतः दिलेलं’ ही घरातली दुसरी दंतकथा तिथेच संपली.

शिक्के शोधा. वाचनालयाचा शिक्का पहिल्या पानावर असतोच, पण जुने ग्रंथपाल एक ठरावीक आतलं पानही धरत, पानोपानी चाळा. पुस्तकविक्रेत्याची छोटी चिकटपट्टी पुठ्ठ्याच्या आत खालच्या कोपऱ्यात असते. तुरुंगाचा शिक्का असेल तर तुमचं काम निम्मं झालं, कारण तुरुंगाच्या नोंदी माणसाला नावानिशी ओळखतात.

आणि समास! लोक पहिलं पान बघतात आणि पुस्तक मिटतात. आमच्या पटवाऱ्याने पेन्सिलीने इंग्रजी शब्दांवर मराठी अर्थ लिहिले होते. ‘सरप्लस’वर ‘शिल्लक’. ‘असेसमेंट’वर ‘सारा’. गोखल्यांचं १९०२ चं अंदाजपत्रकावरचं भाषण, ज्यात त्यांनी सरकारच्या साठत जाणाऱ्या शिलकीवर बोट ठेवून मिठावरचा कर कमी करा म्हटलं, ते सगळ्यात जास्त मळलेलं होतं. तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. तो १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. धाकट्याने हे पुस्तक थोरल्याला दिलं त्या आठवड्यात दांडीयात्रा संपून महिना होत आला होता आणि ५ मेला गांधीजींना अटक झाली. मीठ सगळ्यांच्या तोंडी होतं. पण इंग्रजी न येणारा एक गावचा पटवारी शब्दाशब्दावर अर्थ लिहीत अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं भाषण वाचत बसला, हे पाहून मी थोडा वेळ पुस्तक खाली ठेवलं.

माणूस कागदात शोधा

इथे गूगल फारसं कामाचं नाही. खेड्यातला माणूस तहसीलच्या कपाटात असतो.

सुरुवात घरातूनच करा. ज्या संदुकीत पुस्तक होतं तिच्यातलेच कागद आधी वाचा. आम्ही गोखल्यांच्या मागे लागून पावत्या बाजूला टाकल्या, आणि पटवाऱ्याचं पूर्ण नाव त्या पावत्यांवरच होतं. घरच्या वडीलधाऱ्यांना विचाराल तेव्हा ‘हे पुस्तक कोणाचं?’ असं विचारू नका. त्याला दंतकथाच उत्तर म्हणून येते. ‘तुमच्या घरात दादा कोणाला म्हणत?’ असं विचारा. नव्वदीच्या आजीबाईंनी मला क्षणात सांगितलं, “माह्या मामेसासऱ्याले. पटवारकी होती ना त्याईची.” मी त्या घरात चार वेळा चहा पिऊन आलो होतो आणि त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर हे कागद, साधारण या क्रमाने:

कोतवाल बुक. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवी. जुनी पुस्तकं बहुतेक तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. जातपडताळणीमुळे सगळ्यांनाच आता हे नाव ठाऊक आहे. गाव आणि अंदाजे साल देऊन नकलेचा अर्ज करा. सालाला पाच वर्षं मागे-पुढे धरा. आडनावं नेहमी नसतात, बापाचं नाव असतं, म्हणून बापाचं नाव आधी काढून ठेवा.

दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंदवही. गावच्या जुन्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकांकडे. मी शिक्षक असल्याने मला हे सोपं गेलं, पण कोणालाही वंशजांच्या संमतीने विनंतीअर्ज करता येतो. आम्हाला दोघं भाऊ एकाच रजिस्टरात अकरा वर्षांच्या अंतराने सापडले. धाकट्याचं नाव ‘ना’ने सुरू होत होतं आणि शाळा सोडण्याच्या कारणात ‘पुढील शिक्षणास’ असं लिहिलं होतं. अमरावतीत १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज निघालं होतं. तो तिथेच शिकला असं मी म्हणत नाही, पण वऱ्हाडातल्या हुशार मुलाची वाट तेव्हा अमरावतीकडेच जात होती, आणि दारव्ह्याहून मूर्तिजापूरला जाणारी आपली शकुंतला रेल्वे होतीच.

महसुली कागद. विदर्भात १९५४-५५ चे अधिकार अभिलेख हा पक्का टप्पा आहे. घेणारा त्याआधी वारला असला तरी त्याचे वारस तिथे दिसतात आणि नातं उलगडतं. वऱ्हाडात पाटील-पटवारी वंशपरंपरेचे होते, त्यांचा १९०० सालचा स्वतंत्र कायदाच होता. त्यामुळे ‘त्या साली त्या गावचा पटवारी कोण’ याचं उत्तर कागदात असतंच असतं.

घेणारा चळवळीतला असेल तर वाट वेगळी. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाच्या नोंदी, १९७२ च्या ताम्रपटांच्या याद्या, जुनी वर्तमानपत्रं. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, त्यात आणि नंतर पकडलेल्यांची नावं तेव्हाच्या पत्रांत येत. १९४२ च्या चिमूर-आष्टीची गावं असतील तर खटल्यांचे कागद आहेत. भारतीय राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कागदांसाठी पुराभिलेखाचं नागपूरचं कार्यालय गाठा. वकील, सावकार, मालगुजार, मोठे देशमुख यांच्यासाठी १९०६ ते १९११ च्या दरम्यान निघालेली जिल्हा गॅझेटिअर उघडा, त्यांत मोठ्या घराण्यांवर परिच्छेद आहेत. लहान माणसासाठी गॅझेटिअरमध्ये वेळ घालवू नका.

एक वाट लोक विसरतात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तुमच्या घराण्याचा उपाध्या माहीत असेल तर गाव सांगताच ते पिढ्यांची नावं काढून दाखवतात, खाली त्या त्या माणसाची स्वतःची सही असते. म्हणजे वंशावळ आणि हस्ताक्षर एकाच जागी.

हस्ताक्षर जुळवताना

दोन हस्ताक्षरं वेगळी ठेवा: देणाऱ्याचं पहिल्या पानावर, घेणाऱ्याचं समासात. घेणारा सापडला की समासाशी ताडून पाहा. पटवारी, शिक्षक, वकील यांचं अक्षर सरकारी कागदांत हवं तेवढं सापडतं. आख्खा शब्द पाहून ‘सारखंच दिसते’ म्हणू नका. ‘ळ’ची गाठ, ‘श’ची मान, ‘र’ला जोडलेला उकार, आकड्यांतला ५ आणि ९, शिरोरेघ आधी मारतो की नंतर, असे आठ-दहा खुणांचे नमुने दोन्हीकडून कापून शेजारी लावा. पेन्सिलीचं आणि टाकाचं अक्षर थोडं बदलतं, त्याला सूट द्या. आमच्या पावतीवरचा ‘सारा’ आणि समासातला ‘सारा’ एकच होता, ‘स’चं पोट तसंच फुगलेलं.

खोट्याचीही शक्यता धरा. मोठ्या पुढाऱ्याची सही दिसली तर भिंग घ्या. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापलेली सही. कडेने शाई जमलेली आणि दाब सगळीकडे सारखा असेल तर रबरी शिक्का. बॉलपेनने लिहिलेली १९२० ची तारीख म्हणजे नंतर कोणीतरी ‘आठवणीने’ लिहिलेली. ती लबाडीच असेल असं नाही. नातवाने पुसट अक्षरावरून पुन्हा गिरवलेलं मी पाहिलं आहे.

नाव कोणी खरवडलं?

इथे मात्र घाई अजिबात करू नका. नावं खरवडण्याची कारणं अनेक. जुना बाजार करणारा आधीच्या मालकाचं नाव काढतो. वाटणीत भाऊबंद काढतात. १९१० च्या प्रेस ॲक्टपासून झडतीची भीती होती आणि १९३० साली ती परत आली. पटवारी हा सरकारी माणूस. त्याच्या घरी, त्याच्या हुद्द्यानिशी, धाकट्या भावाचं नाव असलेलं राजकीय पुस्तक, तेही पुसदला सत्याग्रह होण्याच्या दोन महिने आधी! गोखले मवाळ होते हे झडतीला आलेल्या शिपायाला कोण सांगणार? मला वाटतं त्याने स्वतःच ओळ खरवडली. आडनाव आणि हुद्दा काढला, ‘ती. दादासाहेब’ ठेवलं. पुस्तकही ठेवलं. पण हा माझा अंदाज आहे आणि कागदावर मी तो अंदाज म्हणूनच लिहिला आहे.

घरच्यांना हे सांगणं अवघड गेलं. खापर्डे गेले आणि पटवारी आला, याचा त्यांना चांगलाच हिरमोड झाला. शोधाची सुरुवात करतानाच घरच्यांना सांगून ठेवा की मोठं नाव गळून पडू शकतं. आणि शोधात जात, वारसा, जुन्या वाटण्या उघड्या पडतात. जे भाषणाच्या पुस्तकाशी संबंधित नाही ते वहीत लिहूच नका.

सांभाळ, विक्री, देणगी

कसर किंवा वाळवी दिसली तर पुस्तक दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर पानांवर पाणी धरतं. मग मांजरपाटाच्या धुतलेल्या कोऱ्या कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. वाळलेला कडुनिंबाचा पाला पेटीत चालेल, पानांत नको. डांबराच्या गोळ्या पुस्तकाला लागू देऊ नका. आणि कूलरच्या झोतात पुस्तकांचं कपाट ठेवू नका. उन्हाळ्यात आपण माणसांना वाचवतो आणि पुस्तकांना बुरशी लावतो.

विकायचं असेल तर किंमत कोणा एकाला विचारून ठरवू नका, आणि पहिलं पान कापून वेगळं विकायचा सल्ला देणाऱ्याला चहासुद्धा देऊ नका. परदेशी गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी १९७२ चा पुरावशेषांचा कायदा पाहा. ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांवरची वस्तू आणि ७५ वर्षांवरचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज परवानगीशिवाय देशाबाहेर जाऊ शकत नाही.

वाचनालयाला द्यायचं असेल तर दाखल क्रमांक घातलेली पोच घ्या, आणि पहिल्या पानावर नवा शिक्का मारू नका अशी अट लेखी घाला. हे न सांगितल्यामुळे एका ठिकाणी शंभर वर्षांच्या सहीवर कोराकरकरीत गोल शिक्का बसलेला मी पाहिला आहे.

आमचं पुस्तक घरच्यांनी दिलं नाही, ठेवून घेतलं. नवं घर झालं, देवघराशेजारच्या कपाटात ते आहे. सोबत पाकिटात माझी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: कोणत्या तारखेला कोणत्या संदुकीत सापडलं, चार ओळींचं वाचन, कोणता शब्द आडव्या उजेडात निघाला, कोतवाल बुक आणि दाखल-खारीजमधल्या नोंदी, सिद्ध काय आणि अंदाज काय. परवा गेलो तेव्हा त्या घरचा सातवीतला मुलगा ‘सरप्लस’ शब्दावरचं ‘शिल्लक’ भिंगातून बघत होता. मला म्हणाला, “सर, याच्यापुढचे अर्थ नाही लिहेले त्याईनं. पान दोनशे चौदाच्या पुढं सारं कोरं हाये.”

मी आधी ते पाहिलंच नव्हतं. ती साऱ्याची पावती बहुतेक तिथेच असावी.